आईचा डावा गाल आणि पाच अमिनो आम्लं

आईने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. ३० मिलीची काचेची बाटली, ड्रॉपरचं झाकण, किंमत १,४९९ रुपये, आणि खाली 'मल्टी-पेप्टाइड सीरम, मॅच्युअर स्किनसाठी'. सोबत तिचा प्रश्न: "हे खरंच काही करतं का गं? पेप्टाइड म्हणजे काय?"

माझी आई सांगलीत शाळेत शिकवते. वय ४९. थंडीत कोल्ड क्रीम आणि दिवाळीत उटणं यापलीकडे तिचा चेहरा कधी गेलेला नाही. दुधावरची साय तोंडाला लावण्याऐवजी तुपासाठी साठवणाऱ्यांतली ती आहे. तिने स्वतःहून दीड हजारांची बाटली विचारावी, याचाच मला आधी धक्का बसला. मी फोन केला तेव्हा पाच मिनिटं इकडचं तिकडचं झालं आणि मग ती म्हणाली, "पाळी जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून तोंड नुसतं कागदासारखं झालंय बघ."

दीड वर्ष. मी दर महिन्याला घरी जाते, आणि हे मला एका सीरमच्या निमित्ताने कळत होतं. आमच्याकडे पाळी आल्यावर सगळ्या बायकांना कळतं. गेल्यावर कुणी कुणाला सांगत नाही.

मी व्यवसायाने बॅकएंडवाली. माझा रसायनशास्त्राशी संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी संपला. पण आईने प्रश्न विचारलाय म्हटल्यावर 'जाहिराती असतात गं सगळ्या' असं म्हणून तिला उडवून लावणं जमेना. पुढचे तीन शनिवार मी पेपर वाचण्यात घालवले.

पेप्टाइड आमच्या घराला नवीन नाही, ही गंमत आधी लक्षात आली. बाबांच्या इन्शुलिनचं पेन गेली सहा वर्षं फ्रिजच्या दारात असतं. इन्शुलिन हे पेप्टाइडच. अमिनो आम्लं एकापुढे एक ओवली की साखळी तयार होते. साखळी छोटी असली तर तिला पेप्टाइड म्हणायचं, लांबलचक होऊन नीट घडी घातली गेली की प्रथिन. इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. आईच्या सीरममधल्या साखळ्या त्यामानाने अगदी बुटक्या, कुठे तीन, कुठे पाच, कुठे सहा.

आता बाबांकडे बघून जो प्रश्न पडायला हवा तो असा: पेप्टाइड कातडीतून आरामात आत जात असतं, तर हा माणूस रोज पोटाला सुई का टोचून घेतो? क्रीम नसतं का लावलं? उत्तर सरळ आहे. कातडीचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवणं आहे. सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, आणि त्या पेशींच्या मध्ये चरबीचं लिंपण. विटा आणि त्यांच्यामधला चुना, असं समजा. बॉस आणि माइनार्डी या दोघांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला, की ज्या रेणूचं वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त तो सहसा या भिंतीतून जात नाही. इन्शुलिन साधारण ५,८०० डाल्टनचं. म्हणजे त्याचा प्रश्नच मिटला. पण पाच अमिनो आम्लांची साखळी? ती ५६३ च्या आसपास. उंबरठ्यावरच उभी, म्हणून वाद.

या पाचांची गोष्ट मला मनापासून आवडली. कोलॅजेन हे कातडीला ताठ धरणारं प्रथिन. पेशी ते थेट तयार करत नाही. आधी दोन्ही टोकांना जादा तुकडे असलेलं कच्चं कोलॅजेन बनतं, मग पेशीबाहेर आल्यावर ते तुकडे छाटले जातात. अमेरिकेत मेम्फिसच्या कातायामा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की त्या छाटलेल्या तुकड्यातली एक पाच अक्षरी साखळी, लायसिन-थ्रिओनिन-थ्रिओनिन-लायसिन-सेरिन, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना दिली की त्या पेशी जास्त कोलॅजेन बनवू लागतात. म्हणजे कापून टाकलेली कातरणच शिंप्याला निरोप देते, 'अजून कापड काढ.' ज्यांनी कधी सर्व्हरचे लॉग वाचलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. मुख्य काम झाल्यावर मागे एक ओळ उरते, आणि दुसरी कुठली तरी सिस्टिम ती ओळ वाचून आपलं काम सुरू करते. सीरमवाल्यांची कल्पना अशी, की काम झालेलं नसतानाही ती ओळ आपण बाहेरून लिहायची.

पण ओळ लिहायला आत तर पोचायला हवं. त्यासाठी फ्रान्सच्या सेडर्मा कंपनीने या साखळीला पामिटिक आम्लाची तेलकट शेपटी जोडली. पामतेलात असतं तेच आम्ल. वजन वाढून ८०० च्या वर गेलं, पण चरबीच्या लिंपणातून सरकणं सोपं झालं. उंदराच्या कातडीवरच्या प्रयोगांत शेपटीवाली साखळी आत उतरलेली दिसली, बिनशेपटीची दिसली नाही. बाजारात हिचं नाव मॅट्रिक्सिल. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत 'पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४' असं लिहिलेलं असतं ते हेच.

माणसांवर काय झालं? २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलच्या शास्त्रज्ञांनी ३५ ते ५५ वयाच्या ९३ गोऱ्या बायकांवर चाचणी घेतली. चेहऱ्याच्या अर्ध्या भागाला पेप्टाइडवालं क्रीम, दुसऱ्या अर्ध्याला तेच क्रीम पेप्टाइडशिवाय, बारा आठवडे. कुठल्या बाजूला काय हे ना बायकांना माहीत ना तपासणाऱ्यांना. पेप्टाइडच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या, आणि तो फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर टिकला. मांडणी उत्तम आहे, यात शंका नाही. पण फरक मापाने मोजण्याइतका होता, शेजारणीने दारातून विचारण्याइतका नव्हे. पैसे क्रीम विकणाऱ्याचे होते. आणि त्यातल्या किती जणींची पाळी गेलेली होती, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता.

बाटलीत आणखीही काही होतं. एक म्हणजे कॉपर पेप्टाइड. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी माणसाच्या रक्तद्रवातून तीन अमिनो आम्लांची ही साखळी वेगळी काढली. ती तांब्याला धरून ठेवते, म्हणून त्या सीरमला सुंदर निळा रंग येतो. तीनच आम्लं, वजन ३४० च्या घरात, त्यामुळे ५०० च्या नियमात बसते. जखम भरण्याच्या बाबतीत तिचा अभ्यास बराच झालाय. सुरकुत्यांच्या बाबतीतल्या चाचण्या लहान लहान आहेत. दुसरं आर्जिरेलीन, ज्याला जाहिरातीत 'सुईशिवाय बोटॉक्स' म्हणतात. बोटॉक्स नसेतून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, हे पेप्टाइड त्याच यंत्रणेतल्या एका प्रथिनाची नक्कल करतं. कागदावर हुशार. पण स्नायू कातडीच्या पार खाली असतो, आणि सहा अमिनो आम्लांची ही साखळी जवळजवळ ८९० डाल्टनची. माझा काही यावर विश्वास बसला नाही.

टक्क्यांबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण आईसारख्या माणसाला फसवायची खरी जागा तीच आहे. बाटलीवर '१० टक्के पेप्टाइड' लिहिलेलं असलं, तर ते बहुधा १० टक्के द्रावण असतं, १० टक्के पेप्टाइड नव्हे. कच्चा माल पुरवणारी कंपनीच ते पेप्टाइड पाण्यात, ग्लिसरीनमध्ये विरघळवून देते. मॅट्रिक्सिलच्या मूळ द्रावणातच पेप्टाइड दहा लाखांत १०० भाग असतं. त्याचे तीन टक्के वापरले की उरतात दहा लाखांत तीन भाग. २००५ च्या चाचणीत तेवढंच होतं. हिशेब केला तर ३० मिलीच्या बाटलीत सुमारे ९० मायक्रोग्रॅम. मिठाचे दोन बारीक कण घ्या, त्याहूनही थोडं कमीच. दीड हजार रुपयांतलं बाकी सगळं पाणी, ग्लिसरीन, जेल आणि काच.

हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबांची थायरॉइडची गोळीपण मायक्रोग्रॅममध्येच असते ना?"

बरोबर आहे तिचं. थोडं आहे म्हणजे काम करत नाही असं नव्हे. शरीरातले निरोप्ये थोडकेच असतात. प्रश्न पोचण्याचा आहे, आणि पोचलेच तर पुढे निरोप ऐकायला कोण जागं आहे याचा.

हा दुसरा प्रश्न जाहिरातीत कुठेच नसतो. कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या जागा असतात. पाळी जाते म्हणजे अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं जवळपास थांबवतं, आणि या पेशींना आयुष्यभर मिळत आलेली सूचना बंद पडते. त्वचेचे डॉक्टर जो आकडा नेहमी सांगतात तो असा: रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन जातं, आणि नंतर दर वर्षी दोनेक टक्के. तेलग्रंथी मंदावतात. पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. म्हणजे 'तोंड कागदासारखं झालंय' ही तक्रार तिने अगदी नेमकी केली होती. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचं सरासरी वय ५१, भारतात ४६-४७. आपल्या आया या वळणावर चार-पाच वर्षं आधीच येतात, तेव्हा घरात कुणाची दहावी असते, कुणाचं आजारपण.

त्या फोननंतर आई हळूहळू बोलायला लागली. सुरकुत्या तर राहू देत बाजूला. रात्री दोन वाजता घामाने डबडबून जाग येते. वर्गात फळ्याकडे वळलं की कानापासून गरम वाफ चढते आणि पोरं बघतायत असं वाटतं. पोटऱ्यांना, दंडांना रात्रभर खाज. कधी कधी अंगावरून मुंग्या चालल्यासारखं. घरातला साबण तिने तीनदा बदलला. गेल्या दिवाळीला सगळ्यांचे फोटो तिनेच काढले, एकाही फोटोत ती नाही. आम्हाला वाटलं हौस.

सीरम मी मागवलं. तिला हवं होतं, एवढं कारण पुरेसं आहे. वर माझ्यातली इंजिनिअर जागी झाली आणि मी तिला सांगितलं, की डाव्या गालाला हे लाव, उजव्याला साधं मॉइश्चरायझर, बारा आठवडे, दर रविवारी खिडकीत एकाच जागी फोटो. घरच्या घरी ए-बी टेस्ट. तिने नऊ दिवस इमानदारीत केलं. दहाव्या दिवशी शाळेत कुणाचा तरी निरोप समारंभ होता. "हे बघ, माझं तोंड आहे, तुझा प्रोजेक्ट नाही," म्हणाली आणि दोन्हीकडे लावून गेली. आमचा डेटा तिथेच संपला. चेहरा मऊ लागतो असं ती सांगते. मऊ लागणारच, ग्लिसरीन आहे त्यात.

तिची चेहऱ्यावरची खरी डोकेदुखी सुरकुत्या नव्हतीच म्हणा, वांग होतं. आपल्या सावळ्या कातडीवर वय आधी डागांनी दिसतं आणि रेषांनी नंतर. जगभरच्या जाहिराती मात्र रेषांवरच अडकलेल्या. स्कूटीवरून शाळेत जाता-येता सांगलीचं ऊन झेलायचं, आणि सनस्क्रीन ही पोरीबाळींची गोष्ट समजायची. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर गावात ९०३ लोकांवर साडेचार वर्षं केलेली एक चाचणी आहे, २०१३ मध्ये छापून आलेली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या हाताच्या कातडीवर वयाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा, २४ टक्के कमी वाढल्या. कुठल्याही पेप्टाइडपाशी एवढा भक्कम पुरावा नाही. सुरकुत्यांसाठी जुनं, कंटाळवाणं ट्रेटिनॉइन आहे, ते मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीवर, कारण सुरुवातीला तोंड सोलून निघतं. आणि सगळ्यात भीती मला शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या ट्यूबची वाटली. 'आठ दिवसांत उजळ' करणाऱ्या त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. ते कातडी आणखी पातळ करतं, म्हणजे पाळी जाण्याने जे होतंय त्याचीच भर. त्यापुढे पेप्टाइडची बाटली फारच सज्जन. खिशाला सोडून कुणाला इजा करत नाही.

कायद्यानेही तिच्याकडून एवढीच अपेक्षा आहे. १९४० च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर करणारं, रूप बदलणारं. शरीराचं काम बदलतं म्हणालात की ते औषध झालं, आणि मग पुरावे आणा. म्हणून बाटलीवर सहसा 'कोलॅजेन वाढवते' असं ठामपणे लिहिलेलं नसतं. 'तरुण दिसायला मदत', 'भरलेली दिसणारी त्वचा'. त्या 'दिसणारी' शब्दाचा पगार कुठल्या तरी वकिलाला मिळालेला असणार.

शेवटी आईला बायकांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ती तयार नव्हती. "आजार आहे का हा? सगळ्यांचीच जाते." डॉक्टर बाईंनी चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झोप विचारली, वाफा विचारल्या, लघवीचा त्रास विचारला, आणि मग विचारलं, "तुमच्या आईचं कुठलं हाड मोडलं होतं का?"

मोडलं होतं. आजी ७१ व्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळली आणि खुब्याचं हाड गेलं. त्यानंतर ती कॉटवरून उठून अंगणापर्यंत जाण्याला 'बाहेर जाणं' म्हणते. आमच्या घरात ती गोष्ट पडण्याची म्हणून सांगितली जाते, हाडाची म्हणून नाही.

हाडातला खनिजाशिवायचा जो भाग असतो, त्यात जवळपास ९० टक्के कोलॅजेनच असतं. तेच कोलॅजेन, जे गालात असतं. १९८० च्या दशकात लंडनमध्ये ब्रिंकॅट आणि सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या बायकांच्या कातडीची जाडी, तिच्यातलं कोलॅजेन आणि हाडांतलं खनिज एकत्र मोजलं, आणि तिन्ही बरोबरीने उतरत जाताना त्यांना दिसलं. हे वाचल्यावर त्या काचेच्या बाटलीचा माझा सगळा राग आणि सगळं कुतूहल जरा बाजूला पडलं. गालावरचं आरशात दिसतं म्हणून त्यासाठी १,४९९ रुपयांची बाटली निघते. खुब्यातलं दिसत नाही.

हार्मोनच्या गोळ्यांचाही विषय निघाला. २००२ मध्ये अमेरिकेतली १६,६०८ बायकांवरची मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार जास्त दिसले. त्यानंतर जगभरच्या बायकांनी त्या गोळ्या टाकून दिल्या. पुढे आकडे वयाप्रमाणे सुटे करून पाहिले गेले. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हिशेब वेगळा निघतो. कुणाला द्यायच्या, कुणाला नाही, हे एकेका बाईचं पाहून ठरवावं लागतं, आणि नुसत्या सुरकुत्यांसाठी त्या देत नाहीत. आईने ऐकून घेतलं आणि "विचार करते" म्हणाली. अजून करतेय.

हाडांची डेक्सा तपासणी मात्र तिने केली. पंधरा मिनिटं टेबलावर पडून राहायचं, सुई नाही, काही नाही. आकडा आला उणे १.९. उणे एकच्या खाली गेलं की हाडं विरळ व्हायला लागलीत म्हणतात, उणे अडीचला ठिसूळ. म्हणजे अजून हातात वेळ आहे. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि वजन उचलायचं. माझी आई आता सकाळी गच्चीवर दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या घेऊन जिने चढते-उतरते. सनस्क्रीन लावून.

आता गोष्ट मावशीची. मावशी आईपेक्षा दोन वर्षांनी लहान, बीड जिल्ह्यात दिलेली. तिचं गर्भाशय ३८ व्या वर्षी काढलं. रक्तस्राव होत होता, डॉक्टर म्हणाले काढून टाकू, पुढे कॅन्सर व्हायला नको. अंडाशयंही त्याबरोबरच गेली. बीडचं नाव यासाठी देशभर गाजलं ते २०१९ मध्ये. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीचा खाडा पडला की मुकादम दंड लावणार, म्हणून पिशवीच नको. मावशी काही ऊसतोडीला जात नाही, तिचं घर बरं आहे. पण त्या भागात 'पिशवी काढणं' दाढ काढल्याइतकं सहज बोललं जातं. अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत नाही, ऑपरेशनच्या टेबलावरच संपतं. ३८ व्या वर्षी. तिच्या कातडीचं आणि हाडांचं घड्याळ आईच्या आधी दहा वर्षं सुरू झालंय, आणि तिला पेप्टाइडच्या जाहिराती दिसतसुद्धा नाहीत. तिच्या फोनवर शेतीच्या औषधांच्या दिसतात.

आईने तिला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते. सीरमचा विषय मावशीनेच काढला, ताईचा चेहरा व्हिडिओ कॉलवर बरा दिसतोय म्हणून. आई म्हणाली, "ते देईन तुला अर्धी बाटली. आधी सांग, उभं राहिलं की पाठीत दुखतं का?" पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मावशी म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

ती येत्या शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघतेय. मिरजेत शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे.